मुद्देमालातली पुस्तकं

"ते आधी नका वाचू, मॅडम. डोकं दुखेल."

मी मान वर केली. टेबलापलीकडे निलांबरी ओतारी उभी होती. जामिनावर सुटलेल्या आरोपीने दर सोमवारी पोलीस ठाण्यात येऊन सही करायची अशी न्यायालयाची अट होती, आणि तो तिचा पहिला सोमवार होता. माझ्या हातातलं जाड निळं पुस्तक तिचंच होतं, म्हणजे तिच्या घरातून आम्ही जप्त करून आणलेलं. सकाळपासून मी त्याच्या पहिल्या पानावर अडकून पडले होते. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा होता आणि तोही हात टेकल्यासारखा दिसत होता.

"मग कुठलं वाचू?" मी विचारलं. फौजदाराने आरोपीला असले प्रश्न विचारायचे नसतात, हे तोंडातून शब्द गेल्यावर लक्षात आलं.

"आधी हिरवं. मग पिवळं, मग काळं. निळं त्यानंतर. आणि ते पातळ लाल सगळ्यात शेवटी."

"ते तर लहान पोरांचं दिसतंय. चित्रं आहेत आत."

"म्हणूनच शेवटी," ती म्हणाली. तिने सही केली, पेन टोपण लावून जागेवर ठेवलं आणि गेली.

हल्ली मी पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवते. नवे उपनिरीक्षक दरवर्षी विचारतात, मॅडम, हॅकर लोकांविषयी काय वाचावं? मी त्यांना एक यादी देते. माझं वाचन दांडगं आहे असा त्यांचा समज होतो आणि मीही तो खोडून काढत नाही. पण ती यादी माझी नाही. वारणेकाठच्या रेठवडे गावात, हॅकर हा शब्द सुद्धा लोकांना नीट म्हणता येत नव्हता त्या काळात, एका आरोपीने ती मला हजेरीच्या टेबलावर उभ्या उभ्या सांगितलेली आहे.

प्रकरण असं होतं. गावात डॉ. सगरे यांची रक्त-लघवी तपासायची मोठी लॅब होती. आसपासच्या पंचवीसेक खेड्यांची माणसं तिथेच यायची. डॉक्टरांनी हौसेने लॅबची वेबसाइट करून घेतली होती. एके दिवशी सकाळी त्या वेबसाइटवर डॉक्टरांचा हसरा फोटो नव्हता, वेळापत्रक नव्हतं, काहीच नव्हतं. पांढऱ्या पानावर दोनच ओळी होत्या. 'हे दार सताड उघडं होतं. मी ओढून घेतलं आहे. – शेजारीण.' बाकी सगळं बंद. डॉक्टर तणतणत ठाण्यात आले. बदनामी, नुकसान, हॅकिंग, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. साइटवर काय होतं असं विचारल्यावर म्हणाले, काही नाही हो, जाहिरात.

शेजारीण सापडायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. तिने लपायचा प्रयत्नच केला नव्हता. स्वतःच्या घरच्या फोनलाइनवरच्या इंटरनेटवरून सगळं केलं होतं आणि फोन वडिलांच्या नावावर होता. निलांबरी ओतारी, वय एकोणतीस, गणितात एम.एस्सी., ओतार गल्लीत मुलींचा कॉम्प्युटर क्लास चालवणारी. गुन्हा दाखल झाला, घरावर छापा पडला, दुसऱ्या दिवशी सकाळी अटक झाली, मग जामीन. हे सगळं मी तिथे बदलून येण्याआधी घडलेलं. मला बोलावलं गेलं ते केवळ माझ्याकडे तीन महिन्यांच्या कॉम्प्युटर कोर्सचं प्रमाणपत्र होतं म्हणून. जिल्ह्यात तेवढंही दुसऱ्या कुणा फौजदाराकडे नव्हतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी.

कायद्याप्रमाणे असल्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकांनीच करायचा, म्हणून कागदोपत्री तपास जामदार साहेबांकडे होता आणि काम माझ्याकडे. साहेबांनी मला बोलावून घेतलं. छाप्यात मिळालेला मुद्देमाल त्यांनी दाखवला. संगणक, एक, पांढऱ्या कापडात गुंडाळून लाखेने सीलबंद केलेला. आणि पुस्तकं, पाच, सुतळीने बांधलेली. पंचनामा पिसाळ हवालदारांनी लिहिला होता. इंग्रजी नावं लिहायची भानगड नको म्हणून ते 'निळे पुस्तक एक, काळे पुस्तक एक' असं लिहून मोकळे झाले होते. त्यामुळे त्या पुस्तकांना आमच्या ठाण्यात शेवटपर्यंत नावं अशी नव्हतीच, नुसते रंग होते.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. हॅकिंगवरची पाच पुस्तकं घरात ठेवणारी बाई हॅकर नाही तर कोण? मी ती वाचावीत, त्यातली गुन्हा शिकवणारी वाक्यं लाल रेघेने काढावीत आणि महिन्याअखेर दोषारोपपत्र तयार करावं. शाबीत झालं असतं तर तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. तुरुंग जेव्हा मिळेल तेव्हा मिळेल, पण क्लास त्याच आठवड्यात बसला होता. पोलीस घरात येऊन गेले म्हटल्यावर आयांनी मुली काढून घेतल्या. पुण्याला शिकायला जायचं ठरलेली एक मुलगी तेवढी यायची, तीसुद्धा मागच्या दाराने, संगणक नसल्यामुळे वहीवरच शिकायला.

तर मी हिरवं वाचायला घेतलं. ते एका कुलूपवाल्याच्या मुलीने लिहिलेलं होतं. बापाच्या दुकानात ती कुलपं खोलत लहानाची मोठी झाली आणि पुढे कॉम्प्युटरकडे वळली. भाषा सोपी होती. बाई रंगवून सांगत होती, आणि दुपारी ठाण्यात सामसूम असली की मी मुद्देमालाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून वाचत बसे. लाल रेघ ओढायला पेन हातात असायचं. पुस्तक संपलं तरी एकही रेघ ओढली गेली नाही. उलट एक नियम तिथे तीनदा आला होता. कुलूप उघडता आलं तर उघडून पाहा, पण आतल्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि कुलूप कच्चं आहे हे मालकाला सांगितल्याशिवाय झोपायचं नाही.

पुढच्या सोमवारी मी निलांबरीला गाठलं. पिसाळांनी तिला मागच्या वेळेसारखंच उभं ठेवलं होतं. आरोपीला खुर्ची द्यायची नाही हा त्यांचा स्वतःचा कायदा होता आणि तो ते भारतीय दंडविधानापेक्षा कडक पाळायचे. मी म्हणाले, पुस्तकातली बाई काहीही म्हणो, न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरलं की ती घरफोडी. दाराला कुलूप असो नाहीतर नसो.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मॅडम, तुमच्या शेजारचं दार सताड उघडं आहे. आत कोणी दिसत नाही आणि गॅसवर दूध उतू चाललंय. तुम्ही काय करता?"

"हाक मारते."

"हाक मारली. दोनदा मारली. कोणी येत नाही."

"मग आत जाऊन गॅस बंद करते."

"आणि घरफोडीचं कलम?"

अशा वेळी पोलीस जे करतात तेच मी केलं. हजेरी झाली, तुम्ही जाऊ शकता, असं म्हणाले. ती गेल्यावर पिसाळ जवळ आले. पन्नाशीचा, मिशा राखणारा, तोंडाने फटकळ पण कामाला वाघ माणूस.

"म्याडम, त्या बाईला डोक्यावर बसवू नगा," ते म्हणाले. "आज पुस्तक सांगती, उद्या कलम सांगंल."

मी बसवलं. पिवळं वाचलं, काळं वाचलं. पिवळ्यात काही मित्रांची एकमेकांना लिहिलेली पत्रं होती. ही माणसं नोकऱ्या सांभाळून उरलेला सगळा वेळ यंत्राशी झटत, केलेलं काम कोणालाही फुकट देत, आणि कोणी दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवलं की त्याला जन्मभर टोमणे मारत. मला आमच्या गावच्या भजनी मंडळाची आठवण झाली. काळं मात्र निराळं होतं. त्यात खऱ्याखुऱ्या चोराची कथा होती. दुसऱ्यांच्या यंत्रांत शिरून लोकांची गुपितं विकणारा एक माणूस. मी निलांबरीला विचारलं, हे कशाला ठेवलंत घरात? ती म्हणाली, चोर कसा असतो ते माहीत नसेल तर चोर नसलेला कसा ओळखणार?

प्रशिक्षणात आम्हाला हॅकर एका ओळीत शिकवला होता. हॅकर म्हणजे संगणकावरचा चोर. आता माझ्या डोक्यात त्या एका ओळीच्या जागी बरीच माणसं येऊन बसली होती आणि ती एकमेकांशी भांडत होती. सोमवारची मी वाट पाहू लागले होते, हे कबूल करायला हरकत नाही. त्या गावात माझ्या वयाची, मला 'अगं लग्न कधी' असं न विचारणारी ती एकटीच होती. पण मूळ प्रश्नाचं उत्तर ती देत नव्हती. साइट का बंद केलीत, असं मी प्रत्येक वेळी विचारायची आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, पुस्तकं होऊ देत. मला तिचा राग यायचा. तुरुंगाच्या दारात उभी असलेली बाई मला गृहपाठ देत होती.

निळं पुस्तक खरोखरच डोकं दुखवणारं निघालं. माहिती कोणाची, यावर तीनशे पानं. माझ्याविषयीची माहिती दुसऱ्याच्या कपाटात असली तर ती त्याची की माझी? त्यावर निलांबरीशी बोलायचं मी ठरवत होते, तेवढ्यात जामदार साहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर डॉ. सगरे चहा घेत बसले होते. महिना संपत आला होता. संगणक सरकारी प्रयोगशाळेत पाठवला तर तिथे रांग मोठी, सहज सहा महिने जाणार. डॉक्टर म्हणाले, त्यांची वेबसाइट करणारा कोल्हापूरचा मनुष्य आहे, तो शुक्रवारी येऊन ठाण्यातच संगणक उघडून देईल, सगळं छापूनही देईल. साहेबांना ते पटलं होतं. घरचा तज्ज्ञ, फुकटचा तज्ज्ञ.

त्या सोमवारी मी निलांबरीला हे सांगितलं. तिच्यावर काय येतंय हे तिला कळायला हवं, एवढाच माझा विचार होता. तिचा हात सही करता करता थांबला. इतक्या दिवसांत प्रथमच मला ती घाबरलेली दिसली.

"डॉक्टरांचा माणूस? तो उघडणार?"

"शुक्रवारी."

तिने सही पुरी केली. पेनाला टोपण लावायचं विसरली.

"मग आता लाल वाचा, मॅडम," ती म्हणाली. "आजच वाचा."

तासाभरात वाचून झालं. कॉम्प्युटर कसा चालतो हे दहा वर्षांच्या पोरांना सांगणारं पुस्तक होतं ते. प्रत्येक पानावर चित्र, चित्राखाली दोन ओळी. हा कीबोर्ड, याने आपण बोलतो. हा पडदा, ही नुसती खिडकी आहे, हिच्यात काहीही राहत नाही. हा खोका, सगळी आठवण याच्या पोटात असते. मी हसत पान उलटलं. मग पुन्हा मागे गेले. मग पुस्तक मिटलं आणि मुद्देमालाची खोली उघडली.

सीलबंद गाठोडं टेबलावर होतं. मी कापडावरून हात फिरवला. पुढची बाजू सपाट, थंडगार. मागे निमुळतं होत गेलेलं. इतके दिवस त्या गाठोड्याशेजारी बसून मी पुस्तकं वाचली होती आणि त्याला कधी हात लावला नव्हता, कारण सीलबंद वस्तूला हात लावायचा नाही हेच अंगात मुरलेलं. पंचनामा काढला. 'संगणक एक, रंग पांढरट, पुढील बाजूस काच, चालू स्थितीत.' माझ्या कोर्सच्या प्रमाणपत्राला तेव्हा कुठे पहिल्यांदा घाम फुटला.

मी पिसाळांना हाक मारली. विचारलं, छाप्यात टेबलाखाली काही होतं का?

"व्हता की एक डबा," ते म्हणाले. "वर भरतकामाचं झाकान घातलेलं. स्टॅबिलायझर व्हता त्यो. आमच्या टीवीला बी हाय. त्यो कशाला आनायचा?"

त्यांना हसायची माझी हिंमत झाली नाही. साहेबही त्या छाप्यात होते आणि त्यांनाही तो स्टॅबिलायझरच वाटला होता. आम्ही वाजतगाजत खिडकी जप्त करून आणली होती आणि घर तिथेच सोडलं होतं. हसू बाजूलाच राहिलं, मला धडकी भरली. जामिनावर सुटून ती कित्येक आठवडे घरी होती. त्या खोक्यातलं सगळं पुसायला तिला पाच मिनिटं पुरली असती. आणि पुसलं असेल तर ती काळ्या पुस्तकातली आहे, हिरव्यातली नाही, आणि मी दर सोमवारी मूर्खासारखी तिच्यापुढे मान डोलवत बसले होते. पिसाळांना घेऊन जीपने मी ओतार गल्लीत गेले, तेव्हा माझ्या मनात तपास नव्हता. ती कोण आहे, एवढं मला हवं होतं.

दुपार होती. पडवीत तिचे वडील पितळी घंटेला कानस लावत बसले होते. त्यांनी पोलिसांकडे पाहून काम थांबवलं नाही. निलांबरी बाहेर आली, काही न विचारता आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. रिकामं टेबल. खाली भरतकामाचं झाकण घातलेला डबा. तिने वाकून झाकण उचललं.

खोका पांढऱ्या धोतराच्या कापडात गुंडाळलेला होता. चारी बाजूंनी सुतळी, आणि प्रत्येक गाठीवर लाख. लाखेवर नंदीचा छोटा शिक्का उमटला होता, ओताऱ्यांच्या घरात घंटांवर मारतात तोच. वर चिकटवलेल्या कागदावर तारीख होती छाप्याच्या संध्याकाळची, आणि खाली दोन सह्या. पिठाच्या गिरणीवाल्या अत्तार चाचांची आणि समोरच्या शिलाईवाल्या बाईंची.

"पंच लागतात ना दोन," निलांबरी म्हणाली. "तुमचा पंचनामा चालू होता तेव्हा बघून घेतलं. तुम्ही लोक गेलात आणि मी लगेच त्यांना बोलावलं. तेव्हापासून सुरू केलेलं नाही. शिक्के बघून घ्या."

मी खाली बसून एकेक शिक्का पाहिला.

"हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही साहेबांना सांगितलं असतं. ते तुमचं कामच आहे. साहेबांनी डॉक्टरांना सांगितलं असतं."

"दूध कुठलं उतू चाललं होतं, ते सांगा आता."

मग तिने सांगितलं. वडिलांचा साखरेचा रिपोर्ट लॅबने वेबसाइटवर ठेवला होता, पत्त्याच्या शेवटी एक आकडा टाकला की दिसायचा. तिच्याकडून टाइप करताना एक आकडा चुकला आणि भलत्याच माणसाचा रिपोर्ट उघडला, नावगावासकट. तिने पुढचा आकडा टाकला. तोही उघडला. दहा-बारा पाहिले तेव्हा तिला कळलं, सगळ्या तालुक्याचं रक्त उघड्यावर पडलं आहे. कोणाची साखर, कोणाची कावीळ. आणि ती दुसरी तपासणीसुद्धा. त्या वर्षांत आमच्या भागात एचआयव्हीचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे. नुसता संशय आला तरी माणसाचं गावात पाणी बंद व्हायचं, सून माहेरी पाठवली जायची. तिने डॉक्टरांना ईमेल केला, मग दुसरा केला, मग स्वतः जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, ते सगळं कोल्हापूरचा माणूस बघतो. कोल्हापूरच्या माणसाने बघितलं नाही. साइटची किल्ली म्हणून त्याने लॅबच्या पाटीवरचा फोन नंबरच ठेवला होता. तिने तो टाकला, आत गेली, सगळं बंद केलं आणि बाहेर आली.

"मग हे न्यायालयात का नाही बोललात? त्याच दिवशी सुटला असतात."

"दुसऱ्या दिवशी पेपरात आलं असतं. मग गावाने एकच विचारलं असतं, कोणाकोणाचे होते?" ती खोक्याकडे पाहत होती. "आणि मी पाहिलेल्या पानांच्या नकला यंत्र आपोआप ठेवतं. त्या याच्या पोटात आहेत. पुसल्या तर पुरावा पुसला, आणि डॉक्टरांना केलेले ईमेलही यातच आहेत. दिला तर कोण उघडणार माहीत नाही. त्यात ओळखीची माणसं आहेत, मॅडम. रोज दिसतात. कुठे पाहायचं नाही हे ज्याला कळतं, त्यानेच हा उघडावा असं वाटत होतं. म्हणून थांबले. शुक्रवारी त्या माणसाने गाठोड्यातली नुसती काच बघितली असती आणि सरळ हा मागितला असता, म्हणून आज लाल वाचा म्हटलं."

"आणि मला पुस्तकं दिलीत."

"पुस्तकं तुम्हीच नेली होती," ती म्हणाली. "मी नुसता क्रम सांगितला."

बोलताना तिने दाराशी उभ्या असलेल्या पिसाळांकडे एकदाही पाहिलं नाही. हे मला तेव्हा जाणवलं, अर्थ नंतर कळला.

त्याच दोन पंचांना बोलावून नवा पंचनामा केला. पिसाळांनी लिहिला. खोका जीपच्या मागच्या बाजूला टाकायला चालक पुढे झाला तर त्यांनी त्याला बाजूला सारलं, आणि वाटभर खोका स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. ठाण्याच्या अलीकडे त्यांनी जीप थांबवायला सांगितली. चालकाला पानाच्या टपरीवर धाडलं.

"म्याडम," ते म्हणाले, "बाईनं समद्यांचं बगितलं आसंल का?"

मी म्हणाले, दहा-बारा म्हणाली ती.

"मी गेलतो तितं. त्या दुसऱ्या तपासनीला. दिवाळीच्या आदी." चालक परत येत नाही ना, हे त्यांनी वळून पाहिलं. "काय निगालं न्हाई माज्यात. पन गेलतो, ह्येच घरात कळलं तर... पोरीचं लगीन ठरलंय माज्या. ती बाई चार-पाच येळा आली ठान्यात. मी तिला हुबं ठिवली."

खोका त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी त्यावरची सुतळी एकदा चाचपून पाहिली आणि हात काढून घेतला.

"तुमीच कवातरी इचारा तिला," ते म्हणाले. "माज्यानं हुयाचं न्हाई."

जामदार साहेबांना मी खोका दाखवला तेव्हा ते भडकले, मग म्हणाले, शुक्रवारी तो माणूस येतोच आहे, त्याच्याकडून हाच उघडून घेऊ. मी नाही म्हणाले. माझ्या नोकरीतलं साहेबाला म्हटलेलं ते पहिलं 'नाही'. हा खोका असाच सरकारी प्रयोगशाळेत जाईल आणि सोबतच्या पत्रात दोनच प्रश्न असतील. डॉक्टरांना आधी कळवलं होतं का, आणि साइटवर नेमकं काय केलं. बाकीचं काही उघडायचं नाही, छापायचं नाही. साहेब म्हणाले, तुम्ही मला शिकवणार? मी म्हणाले, नाही साहेब, पण आपण पहिल्यांदा संगणक म्हणून काच आणली, ते न्यायालयात कसं सांगायचं तेवढं आपण मला शिकवा. साहेब म्हणाले, तुमचं पत्र टाइप करून आणा.

सहा महिने लागायचे ते आठ लागले. तेवढे सोमवार ती येत राहिली. पुस्तकं संपली होती, तरी बोलणं संपलं नव्हतं. प्रयोगशाळेचं उत्तर आलं. दोन्ही ईमेल होते, गुन्ह्याच्या आधीच्या तारखांचे, आणि दार लावून घेण्यापलीकडे तिने कशाला हात लावला नव्हता. प्रकरण बंद करावं असा अहवाल आम्ही पाठवला आणि दंडाधिकाऱ्यांनी तो मान्य केला. डॉक्टरांनी वेबसाइट पुन्हा काढली नाही. गावाला शेवटपर्यंत कळलं नाही की कशावरून एवढं रामायण झालं. ओतारीण सुटली, नक्कीच ओळख लावली असणार, असंच लोक म्हणत राहिले. क्लास पुन्हा भरायला तिला पुढची दोन वर्षं लागली.

ती पुस्तकं न्यायला आली त्या दिवशी सोमवार नव्हता. पिसाळांनी आतून खुर्ची आणली आणि टेबलासमोर ठेवली. ती त्यांच्याकडे बघून बसली, नेहमी बघायची तसंच. त्यांनी सुतळी सोडून एकेक पुस्तक मोजून तिच्यापुढे ठेवलं, हिरवं, पिवळं, काळं, निळं, लाल, आणि पुन्हा बांधून घेतली. तिच्या लुनापर्यंत मी सोडायला गेले. पिसाळ गठ्ठा घेऊन पायऱ्यांवरच रेंगाळले. मुद्दाम रेंगाळले, हे मला समजलं.

"एक विचारू?" मी हळू आवाजात म्हणाले. "त्या दहा-बारांत पिसाळांचा होता का?"

"कोणाचा?" निलांबरी म्हणाली.

मी पुन्हा नाव घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीही नव्हतं, रागही नाही आणि हसूही नाही.

"कोणाचा, मॅडम?" ती पुन्हा म्हणाली.

मग पिसाळ आले. त्यांनी गठ्ठा लुनाच्या मागे ठेवला, घट्ट बांधला, हलवून पाहिला. ती निघून गेली. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"इचारलं?"

"विचारलं."

"काय म्हनली?"

"कोणाचा, म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाली."

पिसाळांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी पुन्हा घातली. मग म्हणाले, "म्याडम, त्ये लाल पुस्तक मराठीत मिळंल का कुटं?"